गिरणीचा पट्टा

तीर्थरूप दादा,

तुमच्या आणि वहिनींच्या पायांवर डोकं ठेवतो. मी खुशाल आहे. आईचा गुडघा कसा आहे?

पिठाची गिरणी देवाच्या कृपेने चालते आहे. इथे परक्या माणसाला परवाना मिळत नाही, म्हणून तो भागीदाराच्या नावावर आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस गोड बोलतो. गिरणी बंद केली की मी मोटारीचा पट्टा काढून खोलीवर नेतो, म्हणजे माझ्यामागे ती कोणाला चालवता येत नाही. तो हसतो, "शेठ, बायकोलाही एवढं जपत नसाल!"

आज सकाळी पट्टा घेऊन निघालो, तर कोपऱ्यावरच गिरणीची घरघर ऐकू आली. नवा पट्टा चढवून तो दळत होता. म्हणाला, "या शेठ, बसा. आता तुम्ही कशाला त्रास घेता?"

मी बसलो. जुना पट्टा मांडीवर ठेवला. मनात नामस्मरण चालू होतं. उद्या तो आत घेईल की नाही, देव जाणे.

हे आईला वाचून दाखवू नका. आमच्या सौभाग्यवतीला इतक्यात इकडे पाठवू नका. खोली लहान आहे, असं सांगा. ते काही खोटं नाही.

तुमच्या आशीर्वादाच्या आधारावर असलेला,
धाकटा