शेवटची दोन पानं

बाग सेवनिया, भोपाळ
१२ डिसेंबर २०२५

प्रिय वन्सं,

सादर नमस्कार. तुम्ही पाठवलेली तिळाची गजक पोचली. थोडी मराठी मंडळाच्या सिंधूताईंना दिली, उरलेली गौरांगच्या हाती लागली म्हणजे संपलीच समजा. थंडी वाढली आहे, माझे गुडघे ठीक. फोनवर तुम्ही रागात होतात म्हणून फार बोलले नाही. कागदावर मला बरं सुचतं.

गौरांगने तुमच्याकडच्या ह्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या दोन पानांचे फोटो मागितले, हे मला आधी ठाऊक नव्हतं. ह्यांच्या वर्षश्राद्धाला त्याला ती गोष्ट त्याच्या यूट्यूब चॅनेलवर टाकायची आहे. जुन्या रेकॉर्डिंगवरून कंप्युटरने बनवलेल्या ह्यांच्या आवाजात, बाकीच्या गोष्टींसारखीच.

"माझा भाऊ गेल्यावर लोकांना सबस्क्राइब करा म्हणतो?" असं तुम्ही विचारलंत. ते वाक्य काढ, असं मी त्याला सांगून पाहिलं. "आई, सब लोग बोलते हैं," म्हणाला. तो वाईट नाही, वन्सं. बापाचा आवाज घरात राहावा, एवढंच त्याच्या मनात होतं. लीलावतीकाकूंना आता दिसत नाही, त्या रोज ऐकतात. हजारो लोक ऐकतात. मंडळात शनिवारी हे गोष्ट वाचायचे, तेव्हा आमची एक सतरंजीही भरत नसे.

पण ह्यांची रीत तुम्हाला माहीत आहे. शेवटची दोन पानं उरली की पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "पुढचं घरी." जवाहर चौकातले नीळकंठराव एकदा वैतागले, "अच्युतराव, तुम्ही जेवायला बोलावून भात झाकून ठेवता." आणि मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटापाशी सर्वांत आधी तेच. एकेका पुस्तकासाठी नंबर लागायचे. आता आवाज शेवटही सांगतो, सगळी गोष्ट दोन मिनिटांत. गौरांग म्हणतो, "पब्लिक को एंडिंग चाहिए." सिंधूताई कपाट उघडतात, स्वेटर विणतात आणि कुलूप लावून घरी जातात.

लोक अडाणी होत चाललेत, हे तुमचं म्हणणं. लोकांचं मला सांगता येत नाही.

माझं सांगते. सकाळी चहा टाकला की मी मोबाइल लावते. ओट्याशी हे बोलत असतात. पहिल्यांदा शेवट ऐकला तेव्हा दुधाचं पातेलं हातातच राहिलं. उभ्या संसारात ह्यांनी मला एकही शेवट सांगितला नव्हता. विचारलं तर, "पुस्तक आहे ना." आता न विचारता सांगतात. मी "हं" म्हणते. मग दुसरी गोष्ट आपोआप सुरू होते. ह्यांना खोकला येत नाही, पाणी लागत नाही.

परवा चार्जिंग संपलं आणि आवाज मधेच तुटला. म्हटलं, उरलेलं वाचू. त्या गोष्टीचं पुस्तक मांडीवर घेतलं. अर्ध्या पानावर लक्ष उडालं. पुन्हा वरून सुरू केलं, पुन्हा तिथेच. डोळे तपासून आले, नंबर तोच आहे. जन्मभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलं मी, वन्सं. हे गौरांगला सांगितलेलं नाही.

आणखी एक. हे गेले त्याच्या आदल्या शनिवारीसुद्धा "पुढचं घरी" म्हणाले होते. पुस्तक उशाशीच राहिलं, ते तुम्ही आठवण म्हणून ग्वाल्हेरला नेलंत. त्या गोष्टीचा शेवट मी वाचलेला नाही. तो बाकी आहे तोवर ह्यांचं माझ्याशी काही बोलायचं राहिलं आहे, असं वाटतं. तो शेवटही तो आवाज सांगेल आणि मी ओट्याशी "हं" म्हणेन, ह्याची मला भीती वाटते.

फोटो पाठवू नका. गौरांगशी मी बोलते, रुसला तर रुसू दे. वर्षश्राद्धाला पुस्तक घेऊन या, आणि शनिवारपर्यंत राहा. मंडळात तुम्ही वाचा. दोन पानं उरली की मिटा आणि पुस्तक माझ्या हातात द्या.

मला वेळ लागेल. घाई करू नका.

पुढचं घरी.

तुमची,
कमलिनी