चाळीस दारांची किल्ली

सोमवार, संध्याकाळ

ताई,

नमस्कार शेवटी करतो. आधी हे ऐक.

किल्ली फिरली. मी मास्तरीणबाईंच्या दारात उभा, हातात माझ्या घराची किल्ली, आणि दार त्यांचं उघडलं. आत कोणी नव्हतं. ओट्यावर कप पालथे, खुर्चीवर तपासायच्या वह्या. मी दार ओढून घेतलं आणि चोरासारखा इकडेतिकडे बघत पायरी उतरलो.

नवं कुलूप जड फिरतं म्हणाल्या होत्या, म्हणून तेल घालायला गेलो होतो. त्यांनी दिलेली किल्ली खिशातच राहिली, माझीच घातली. मग शेजारी शिंपीणबाईंच्या दाराला लावून बघितली. फिरली. समोर टकलूकाकांच्या. फिरली. दुपारी गल्लीत कोणी नसतं, म्हणून निभावलं. शेवटी तू गेल्यापासून बंद असलेल्या तुझ्या घराला लावली. तिथेही फिरली.

ताई, पार्सलने जी किल्ली तुला परगावी पाठवली, ‘आता खुशाल ये’ असं लिहून, ती चाळीस घरं उघडते. डब्यात ठेवली असशील तर तिथेच राहू दे. कोणाला दाखवू नकोस.

झालं कसं ते सांगतो. गल्लीच्या दोन्ही टोकांना दिवे लावले, वळणावर पहारेकरी बसवला, हे तुला माहीत आहे. राहिली होती कुलपं. माझ्या कुलपांच्या कारखान्यात मिस्त्री म्हणाला, चाळीस दारांची चाळीस वेगळी कुलपं म्हणजे महिना लागेल. मला आठ दिवसांत हवी होती. किल्ल्या वाटायच्या कार्यक्रमाला फोटोवाला ठरला होता, खुर्च्या सांगितल्या होत्या. मिस्त्री रजेवर गेला तेव्हा मीच फळीवरची तयार खोकी गाडीत टाकली. खोक्यांवर लाल ठिपका होता. लाल ठिपका म्हणजे सगळ्या कुलपांना एकच किल्ली. मोठ्या गोदामांना तशी लागतात. ही खूण तीस वर्षांपूर्वी मीच ठरवली. आणि मीच विसरलो. कारखान्यात मी आता फक्त सह्या करायला जातो.

त्या दिवशी खुर्चीवर उभा राहून काय बोललो, ऐकायचंय? ‘यापुढे चोर या गल्लीतून हात हलवत जाईल.’ टाळ्या पडल्या. टकलूकाका म्हणाले, ‘शेठ, दिवे एवढे लावलेत की माझं डोकं लपवायला जागा उरली नाही.’ मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तुझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवली होती. रिकामीच.

आता काय केलं ते सांगतो, आणि हसू नकोस. घरी आलो, माळ्यावरून जुनी पेटी काढली. किल्ली पकडायचा शेगडा, कानस, पितळेच्या पट्ट्या, सगळं जसंच्या तसं. कुलूप तेच ठेवायचं, आतल्या पट्ट्या बदलायच्या, नवी किल्ली घासायची. स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीपाशी ओढलंय. बायको म्हणते, कारखान्यात चार माणसं आहेत, त्यांना सांगा. मी म्हटलं, नाही. बोटं अजून चुकत नाहीत. ताई, कितीतरी वर्षांत असं अंगात वारं शिरलं नव्हतं. पहिलं कुलूप तयार झालं. तुझं.

तुझ्यापासूनच का सुरुवात केली, हे तू विचारणार नाहीस. म्हणून मीच लिहितो.

तुझ्या दाराच्या आतल्या कडीचा स्क्रू ढिला होता. तू तीनदा सांगितलंस. एकदा फोनवर, एकदा जिन्यात, आणि एकदा माझ्याच घरी जेवताना. मी म्हटलं, ‘बघतो.’ त्या आठवड्यात एका बड्या माणसाच्या बंगल्यात मी तिजोरी बसवत होतो. मग ती दुपार. तो माणूस एका धक्क्यात आत आला, तुझ्या गळ्यातली साखळी गेली, तू पडलीस. सगळे म्हणतात चोरानं केलं. इस्पितळात मीही तेच म्हणत होतो. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि पाणी मागितलंस.

पाच मिनिटांचं काम होतं. तेवढं झालं असतं तर दिवे, पहारेकरी, खुर्च्या, कशाचीच गरज पडली नसती. आता उद्या सकाळी दारोदार जाऊन सांगायचं आहे की शेठने गल्लीला फसवलं. कानस चालते तोवर बरं वाटतं. थांबलो की ते आठवतं.

मंगळवार, दुपार

सांगून आलो. पहिलं दार शिंपीणबाईंचं. मी उभ्यानेच सगळं बोललो. त्या सुईत दोरा ओवत होत्या.

‘आम्हाला आठ दिवसांपासून माहीत आहे,’ म्हणाल्या. ‘मास्तरीणबाई गॅसवर भांडं विसरून गेल्या होत्या. धूर दिसला, मी धावले, हातातली माझ्याच घराची किल्ली घातली, उघडलं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुम्ही एवढे खूश होतात, शेठ. शिवाय पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं, अनोळखी माणूस दिसला तर आधी आमच्या दारावर थाप मार. तो बिचारा दिवसभर थापाच मारतो.’

टकलूकाका मात्र चिडले. ‘चोराला एक किल्ली मिळाली असती तर?’ त्यांचं बरोबर आहे. कुलूप आजच बदलून द्या म्हणाले, तर दुसरं तयार करायला घेतलंय ते त्यांचंच. मग दार लावता लावता म्हणाले, ‘एक जादा किल्ली करा. शिंपीणबाईंकडे राहू दे.’

गल्ली संपेपर्यंत एकतीस घरांनी हेच सांगितलं. नवं कुलूप हवं, आणि एक किल्ली शेजारी. कोणाची कोणाकडे ते कागदावर लिहून आणलंय.

तुझ्या कुलपाच्याही दोन केल्या आहेत. एक या पत्रासोबत. दुसरी कोणाकडे ठेवायची ते तू कळव. माझ्याकडे ठेव, असं मी म्हणत नाही.

आतल्या कडीचे चारही स्क्रू आज सकाळी बदलले. ओढून बघितले.

नमस्कार राहिलाच. तो कागदावर नको. तू दार उघडलंस की करीन.

तुझा
बारक्या