दोघींचा उपास

आई, मी पंप लावला आहे. शेतातला नव्हे, इन्सुलिनचा. छोट्या डबीएवढा असतो, कमरेला अडकवायचा. त्यातून एक बारीक नळी पोटाच्या कातडीत जाते आणि औषध थोडं थोडं आत जात राहतं. तुझ्या वेळी इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात असायची आणि तू स्वयंपाकघराचं दार लोटून मला सुई टोचायचीस.

अचलपुरात कुणाकडे लग्न असलं की निघण्याआधी तू मला भाकर आणि वांग्याची भाजी खाऊ घालायचीस. पंगतीत बुंदी आली की वाढणाऱ्याला सांगायचीस, "आमचा दोघीचा उपास हाय, निरंकार." मी शेजारी पोटभर जेवून बसलेली, आणि तू खरोखरच सकाळपासून पाणीही न प्यालेली. "खोटं बोलाच लागते तं अर्धं तरी खरं असू दे," म्हणायचीस. एकदा मी मैत्रिणीच्या आईला माझ्या साखरेचं सांगून टाकलं. घरी येताना तू माझा दंड धरलास. "काहून सांगतलं वं? कोण करीन तुले?" पुढे लग्न करणारा मिळाला. त्याला तूच सगळं सांगितलंस, पण बाहेरच्यांसाठी उपास चालूच राहिला. तू गेल्यावरही. अकोल्याच्या कचेरीत मला सगळे फार देवभोळी समजत.

मागच्या उन्हाळ्यात कचेरीतच साखर एकदम उतरली. मी खुर्चीवरून घसरते. ऐकू येतं, बोलता येत नाही. शिपाई चहाचा कप घेऊन धावतो, "पाजा लवकर, गोड हाय." शेजारच्या टेबलावरच्या बाई त्याचा हात अडवतात. "अरे बावा, निरंकार असते त्यायचा! मोडाले लावतं काय? वारा घाल." सगळे फायलींनी वारा घालत राहतात. तुझे जावई पोचले तेव्हा कुठे माझ्या गालाला आतून साखर लागली.

अमरावतीच्या डॉक्टरांनी दोन पंप दाखवले. एक दंडाला चिकटवायचा, ब्लाउजच्या बाहीखाली झाकला जाणारा. दुसरा हा नळीचा, कमरेला कुणालाही दिसणारा. साखर उतरू लागली की दोन्ही औषध थांबवतात आणि वाजतात. जावयांना पहिला पसंत होता. तूही तोच घेतला असतास. मी दुसरा घेतला.

पहिल्याच दिवशी कचेरीतल्या त्या बाईंनी विचारलं, "मोबाइल बांधला काय कमरेले?" मी काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे इतके वर्स आमाले येड्यात काढलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खणात साखरेची पुडी आणून ठेवली.

पंपावर एखादं जेवण राहिलं तरी निभतं, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तुझ्या तिथीला मी सकाळपासून काही घेतलं नाही, पाणीसुद्धा नाही. तुझा उपास खराच होता, माझा राहिला होता.

हे पत्र पंपाच्या रिकाम्या खोक्यात ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. दुपारी पंप वाजला आणि मी गूळ खाल्ला. तुझ्याइतकं मला राहता आलं नाही.