मुलाखतीतला वाकून केलेला नमस्कार

आई, तू जाऊन इतकी वर्षे झाली की तुझा आवाज आठवायला आता प्रयत्न करावा लागतो. तुझ्या सूचना मात्र विनासायास आठवतात. पाय जुळवून बस. पदर दोन्ही खांद्यांवरून घे. विचारतील तेवढेच बोल, आणि बोलताना वर बघू नकोस. संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात एम. ए. झालेली मी, कुणाचा उच्चार जरा घसरला तरी माझ्या कपाळावर आठी उमटायची. तुझ्या सूचना मला गावंढळ वाटत. तरीही मी त्या पाळत होते, कारण बघायला आलेल्या माणसांसमोर कसे बसावे, हे कोणत्याही प्राध्यापकाने मला शिकवले नव्हते.

त्या चैत्रात कल्याणच्या एका बिजवराच्या घरून पसंती आली होती. बाबांनी मला समोर बसवून शांतपणे सांगितले, की ठाण्याच्या शाळेत नोकरी लागली तर त्यांना नकार कळवू, नाही लागली तर वैशाखात लग्न उरकून टाकू. त्या बोलण्यात अन्याय आहे असे त्यांना वाटले नाही, आणि खरे तर मलाही नाही. मला फक्त भीती वाटली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू सुपात तांदूळ घेऊन पाटावर बसलीस आणि मला समोर बसवलेस. “हं, आता मी सासरा. विचारते.”

“सासरा नाही गं, शाळेच्या मंडळाचे चिटणीस.”

“एकच ते. दोघेही प्रश्न विचारतात आणि आपल्याकडचा चहा पितात.”

मला हसू आले नाही. तुला मुलाखतीतले काही ठाऊक नाही, हे मी तुला पुरेशा तिरकसपणे सुनावले. तू खडे वेचत राहिलीस आणि म्हणालीस, “निघताना सगळ्यांना वाकून नमस्कार कर, म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी ठाण्यात, नौपाड्यातल्या त्या शाळेच्या व्हरांड्यात तू बाकावर बसली आहेस आणि मी आत आहे. टेबलापलीकडे चालक मंडळाचे तीन वृद्ध सदस्य आणि कडेला मुख्याध्यापिका. हात मी पदराच्या टोकाखाली एकात एक अडकवून ठेवले आहेत. व्याकरणाचे प्रश्न येतात, मी अचूक उत्तरे देते, पण सगळी त्या टेबलाच्या कडेला उद्देशून. समोरच्यांचे चेहरे कसे आहेत हे मला माहीतच नाही. मग त्या तिघांतले चिटणीस चष्मा पुसत विचारतात, “लग्नाचं काय तुमच्या?”

इथपर्यंत निदान जीभ माझी होती. हा प्रश्न ऐकताच तीही गेली. मी ‘बघताहेत’ एवढेच पुटपुटले. पायाचा अंगठा फरशीवर रेघा ओढू लागला आणि तो मला थांबवता येईना. “बरं, या तुम्ही,” असे शब्द कानावर आले, आणि मी उठले, पदर सावरला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि चिटणिसांच्या पायांशी वाकले.

मग दुसरे सदस्य म्हणाले, “संस्कार चांगले आहेत हो,” आणि तिघेही हसले. मी तशीच वाकलेली. उठावे की दुसऱ्यांच्या पायांशी जावे, हे मला कळत नव्हते. तशी भीती मी नंतर कधी अनुभवली नाही, तू गेलीस त्या दिवशीसुद्धा नाही.

“उठा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया नव्हती. “इथं कुणी तुम्हाला सून करून न्यायला आलेलं नाही. वर्गातही अशाच जमिनीकडे बघून शिकवणार का? फळ्यापाशी उभ्या राहा. आवडीचा एक श्लोक मला समजावून सांगा. मला. माझ्याकडे बघून.”

खडू हातात मोडला. मी त्यांच्याकडे पाहिले. कपाळावर माझ्यासारखीच आठी होती, ओठांवर हसू नव्हते. पहिली ओळ अर्ध्यावर सुटली. दुसरी बाहेर पडली. पुढे मी काय बोलले ते आठवत नाही. बोलत राहिले एवढे खरे.

बाहेर आल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास, “केलास ना नमस्कार?” मी ‘हो’ म्हटले, आणि तुझ्या चेहऱ्यावर इतके समाधान पसरले की पुढचे सांगण्याची मला हिंमत झाली नाही.

काही दिवसांनी शाळेचा होकार आला. बाबांनी कल्याणला नकार कळवला. तू शिरा केलास, वाटी माझ्यापुढे ठेवलीस आणि पदराला हात पुसत म्हणालीस, “आता पुढचं मला नाही हो शिकवता यायचं.” तू हे हसत म्हणालीस, म्हणून सगळे हसले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचे नाहीच, म्हणून लिहिते. तो शिरा मी वाटीत नुसता चाळवत राहिले. कल्याणच्या त्या घरात कसे बसायचे, कुठे बघायचे, केव्हा गप्प राहायचे, हे सगळे तू मला शिकवून ठेवले होतेस. क्षणभर, आई, मला तिथेच जावेसे वाटले होते.