गेटावरच्या गप्पा

पुणे, ६ नोव्हेंबर २०२४

ती. नूतनवहिनींस,
कुमारचा सा. न. वि. वि.

ओढ्यापलीकडे वाडीला रेंज नाही आणि कंपनीच्या मोबाईलवरून फोन करता येत नाही, म्हणून पत्राचाच आधार. दादा आणि आई बरे आहेत ना?

आमचं मॉडेल पूर्ण झालं. तुमच्या कंपनीतली माणसं कामावरून घरी जाताना वेळ कशात घालवतात, ते त्याच मोबाईलवरून टिपून गणित मांडलं. गाडीतल्यापेक्षा गेटावर जास्त वेळ जातो, असं निघालं! कारण विचारलं तर वाडीतल्या तुम्ही सगळ्या बायकांनी एकजात 'गप्पा' लिहिलंत. वहिनी, घरी जायचं सोडून एवढं काय बोलता? मी तो वेळ वाया धरला. कंपनीला पटलं. सोमवारपासून सगळ्यांसाठी थांबणारी मोठी गाडी बंद. जो विभाग सुटेल, त्याची छोटी गाडी लगेच निघेल.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमचा धाकटा दीर,
कुमार


वरची वाडी, विंझर
रविवार, १७ नोव्हेंबर

चि. कुमारभावजींस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळी खुशाल हाईत. तुमच्या हुशारीचं कवतिक हाय, पण भावजी, तुमी पार घोळ घातलाय.

माझं पॅकिंग शेवटी सुटतं. वाडीतल्या बाकीच्या बाया गेटावर माझ्यासाठी थांबायच्या. फाट्यावर उतरलं की ओढ्यातनं वाडीपतुर चालावं लागतं, आन् तिथं बिबट्या हिंडतोय. फुलाबाईंची दोन शेरडं नेली. तुमचा मोबाईल कारण विचारायचा तिन्हीसांजेला. तिन्हीसांजेला त्या जनावराचं नाव आमी घेत न्हाई, लिहितबी न्हाई. तुमी हितलेच, तरी इसरलात? म्हणून गप्पा लिहिलं. आज दिवसाढवळ्या लिहितीय.

आता मी एकटीच उतरते. शुक्रवारी झुडपातनं माझ्यासंगं काहीतरी चालत होतं. मी थांबले की तेबी थांबायचं. ह्यांची रात्रपाळी, सासूबाईंना गुडघ्यानं चालवत न्हाई. मला लई भ्या वाटतं. कंपनीला सांगून जुनी गाडी सुरू करा, तेवढं लवकर करा.

हे उद्या विंझरला पत्र टाकतील. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
नूतन


पुणे, मंगळवार, १९ नोव्हेंबर, सकाळ

ती. नूतनवहिनींस,
सा. न. वि. वि.

माझ्या पत्राला अजून उत्तर नाही. रुसलात की काय?

कंपनी खूश आहे. गेटावरचं थांबणं संपलं, सगळ्यांचा परतीचा वेळ घटला. तुमचाच तेवढा आकडा बिघडलाय. काल संध्याकाळी फाट्यावर उतरलात, चालायला लागलात आणि ओढ्याजवळ थांबलात. अजून तिथंच दिसताय. मोबाईल पडला असेल तर दादाला शोधायला पाठवा.

तोवर हा वेळ मी गप्पांतच धरलाय. लोभ कमी करू नये.

तुमचा,
कुमार