दीक्षेचं कापड

माडवाडी, ता. ९ जानेवारी १९५३

चि. जेरोमास,

फिलूबायचे अनेक आशीर्वाद वि. वि. तू आता फादर झालास, तेव्हा तुला चिरंजीव लिहावं की तीर्थरूप, हे मला उमजत नाही. ज्या धाकट्या भावाचं नाक मी पुसलं त्याला तीर्थरूप लिहायला हात वळत नाही, म्हणून जुनंच ठेवते.

देवळात पहिली मिस्सा सांगितलीस आणि तू पुण्याला पळालास. इकडे मायचा थाट बघ. दीक्षेच्या वेळी बिशपसाहेबांनी तुझ्या तळहातांना तेल लावून ज्या पांढऱ्या कापडाने हात बांधले, ते तू रिवाजाप्रमाणे तिला दिलंस. आता येईल त्या बाईला ती पेटी उघडून ते दाखवते. आपण मेल्यावर हे आपल्या हातांना बांधायचं, म्हणजे वर देवाने विचारलं तर फादरची आई म्हणून ओळख पटेल, असं सगळ्यांना सांगते. सोनूबाई कोळणीने वास घेतला आणि खोबरेलच दिसतंय म्हणाली. माय अजून तिच्याशी बोलत नाही.

तू गावचा फादर होऊन येशील अशी तिची खात्री आहे. खाडीपलीकडचे म्हातारे पाद्री पावसाळ्यात तरीच्या होडीत पाय ठेवत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. त्या चार महिन्यांत मरणाराने शेवटच्या तेलाविना, पापक्षमेविना मरायचं.

मोठा झालास तरी आमची आठवण ठेव.

तुझी,
फिलूबाय

---

लूवेन, बेल्जम, ता. ३ ऑक्टोबर १९५६

ती. फिलूबायस,

शि. सा. न. वि. वि. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत एकच रड, मी गावी कधी येणार. मायची ती समजूत आता तूच काढ. मिस्सा सांगायला आणि पोरांच्या डोक्यावर पाणी घालायला कोणीही साधा पाद्री चालतो. त्याचं लॅटिन चुकलं तर माडवाडीत कोणाला कळणार आहे?

ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणं मी आपल्या न्यायशास्त्राच्या अंगाने मांडतो आहे. इथले मोठमोठे प्राध्यापक मी आलो की खुर्ची पुढे करतात. ओट्यावर बसून बांगड्याच्या भावावर बोलण्यासाठी मी एवढा शिकलो नाही.

त्या कापडाचं प्रदर्शनही थांबव. तो नुसता रिवाज आहे, त्याला शास्त्राचा आधार नाही.

मायला नमस्कार. राग नसावा.

तुझा,
जेरोम

---

माडवाडी, ता. २८ जुलै १९६१

चि. जेरोमास,

आशीर्वाद वि. वि. पुण्यात प्राध्यापक झालास आणि तुझं पुस्तकही छापून आलं, आनंद आहे. पुस्तक पोचलं. लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलंय, चांगलं जड आहे. गुणाजी तरवाल्याने विचारलं की तुमचा फादर करतो तरी काय. देव आहे हे सिद्ध करतो, असं सांगितलं. तो बिचारा चकित झाला. म्हणाला, मंग आजवर कोनाला शंका व्हती काय?

आता खरी बातमी. परवा शेजारचे पेद्रूकाका गेले. तुला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे तेच. शेवटपर्यंत पाद्री मागत होते. खाडी उसळलेली, तरीची होडी बंद, आणि मुरूडकडून वळसा घालून चालत यायची पलीकडच्या पाद्र्यांची उमर नाही. काका घाबरले होते रे. दाराकडे डोळे लावून होते.

माय घरी आली, पेटी उघडली आणि तुझं कापड घेऊन गेली. त्यांचे हात त्यात गुंडाळले आणि कानात सांगितलं की फादर नाही आला, पण फादरच्या हाताचं तेल यात आहे. काका शांत झाले. त्याच कापडासकट त्यांना पुरलं.

ज्या हातांचं ते कापड, ते हात त्या दिवशी काय लिहीत होते, एवढं कळवशील तर बरं.

फिलूबाय

---

पुणे, ता. ५ ऑगस्ट १९६१

ती. फिलूबायस,

शि. सा. न. वि. वि. पेद्रूकाकांचं ऐकून वाईट वाटलं. पण मायने केलं ते शुद्ध अज्ञान. त्या कापडाने कोणाला पापक्षमा मिळत नाही. एका फादरच्या आईने असा भोळसटपणा करावा याची मला लाज वाटते. शिवाय ते कापड तिचं होतं. आता तिच्या हातांना काय बांधणार, याचा तुम्ही दोघींनी विचार केला का?

तुझ्या टोमण्यांना उत्तर देत नाही. मी त्या दिवशी व्याख्यान लिहीत होतो.

जेरोम

---

माडवाडी, ता. १४ ऑगस्ट १९६१

चि. जेरोमास,

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. तिची छाती कफाने भरली आहे, आठवडाभर ती खाटेवरून उठलेली नाही. वैद्य दयाराम नुसती मान हलवतो. तरीची होडी अजून बंदच आहे.

तिने लिहायला सांगितलं ते असं. तुझी प्रमाणं तिला कळत नाहीत आणि लाजेचं तुझं तू बघ. कापड गेलं त्याचं तिला काही वाटत नाही. ते ज्या हातांना बांधलं होतं, ते हात घेऊन ये.

माझं एवढंच, की तू आला नाहीस तर तुझं पुस्तक मी तिच्या हातांत ठेवीन. देवाने विचारलं तर तेच दाखवू दे. त्यात त्याच्याविषयीच लिहिलंय ना?

आशीर्वाद द्यावेसे वाटत नाहीत, तरी आहेत.

फिलूबाय

---

पुणे, ता. १८ ऑगस्ट १९६१

ती. फिलूबायस,

शि. सा. न. वि. वि. पत्र आत्ता मिळालं. रजा मागितली तेव्हा आमच्या कॉलेजचे मुख्य हसले. एका गावंढळ म्हातारीसाठी कोणताही पाद्री पाठवता येईल, एवढ्या विद्वानाने चिखल तुडवत जायचं कारण काय, असं म्हणाले. हे वाक्य मी कुठेतरी लिहिलेलं आहे, हे मला ऐकताना आठवलं. फार घाण वाटलं.

उद्या निघतो. रोह्यापर्यंत मोटार आहे, पुढे जमेल तसा चालत येईन. मायला सांग, दाराकडे बघत राहा.

पवित्र तेल घेतलं आहे. पण ते लावतानाची प्रार्थना मला पाठ नाही, फिलूबाय. इतक्या वर्षांत एकाही मरणाऱ्याजवळ मी बसलो नाही. पुस्तकात बघून म्हणेन. माय हसली तर हसू दे.

तुझा,
जेरू