टॅबवरची रेघ

३ डिसेंबर २०१८

आज पुन्हा तो आवाज झाला! परिपाठ चालू होता. गुडूम् — पायाखालून आल्यासारखा. तावदानं थरथरली. प्रतिज्ञा अर्ध्यावर टाकून पोरं मैदानभर पांगली, पहिलीतल्या दोघी माझ्या ओढणीला लटकल्या. घाबरले मीही. चेहरा तेवढा सरळ ठेवला.

गावात सगळ्यांच्या तोंडी एकच — पुन्हा त्र्याण्णवचा भूकंप होणार. झोपायच्या बाजा अंगणात आल्यात. या थंडीत!

४ डिसेंबर

चौथीतली तनुजा विचारते, "मॅडम, जमीन हलती, का नुसताच आवाज येतो?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. म्हटलं, "कसं कळेल आपल्याला?"

मग एकच गलका. कुणी म्हणे वाटीत पाणी ठेवू. कुणी म्हणे घंटा टांगू. तनुजा म्हणाली, "टॅब! गाडीच्या खेळात टॅब तिरका केला की गाडी वळती. म्हंजे त्याला हललेलं कळतं की!"

हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं.

टॅब आप्पासाहेबांनी दिलेला. शाळा समितीचे अध्यक्ष. डोंगरापलीकडे त्यांचा खडीचा क्रशर आहे. मी वर्गणी मागायला गेले होते, त्यांनी दुसऱ्याच दिवशी अख्खा टॅब आणून टेबलावर ठेवला. "पोरं शिकू द्या, मॅडम." एवढंच बोलले.

लातूरला घरी आल्यावर अलीझाने त्यात हादरे दाखवणारं ॲप टाकून दिलं. ती अकरावीत, सकाळी कॉलेज, मग क्लास, मग दुसरा क्लास. म्हणते, "अम्मी, भूकंपाच्या लहरी माझ्या पाठ आहेत." म्हटलं, "एखादी बघितलीस कधी?" म्हणे, "ते कुठं विचारतात!" दोघी हसलो. पण मला नंतर वाईट वाटत राहिलं.

७ डिसेंबर

काय मजा आली आज! टॅब फरशीवर. पडद्यावर सरळ रेघ. एकाने उडी मारली — रेघ उसळली. टॅबखाली दप्तर ठेवलं — उसळलीच नाही! का? अर्धा तास भांडण. रस्त्यावरून एसटी गेली, रेघ थरथरली. पिठाची गिरणी लागली की बारीक दाते. पोरं आता डोळे मिटून सांगतात, "ट्रॅक्टर!" आणि रेघ बघतात.

भागाकार राहिला तो राहिलाच.

१० डिसेंबर

आवाज झाला, आणि टॅब चालू होता! तनुजा ओरडली, "आधी हललं, मग वाजलं!"

म्हणजे जमीन खरंच हलते.  

त्र्याण्णवला मी सातवीत होते. अब्बांनी मला चादरीसकट उचलून रस्त्यावर आणलं होतं. आमच्या घराला फक्त तडा गेला. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. अब्बा शिंपी. त्यांनी दुकानातलं सगळं पांढरं कापड कफनांसाठी ट्रकवर चढवून दिलं आणि रिकाम्या फळ्यांकडे बघत बसले. ते बसणं मी विसरले नाही.

१४ डिसेंबर

पोरांनीच सुचवलं, दोन ठिकाणी बघू. टॅब शाळेत, तेच ॲप टाकलेला माझा मोबाइल डोंगराकडच्या तनुजाच्या शेतात, चुलतीच्या राखणीत. आज दोन्हीकडे हादरा सापडला. शेतातली रेघ कितीतरी उंच!

"खालून न्हाई मॅडम, डोंगराकडनं येऊन राहिलाय!"

"आन् गुरुवारी येतच न्हाई. गुरुवारी क्रशरला सुट्टी असती."

हे मी बोलले नाही. पोरं बोलली. मी फळा पुसत राहिले. गावाला माहीत आहे तिथं फक्त खडी फोडायचं मशीन आहे. सुरुंग मागेच बंद झाले म्हणतात. आणि अध्यक्षांचा क्रशर!

१५ डिसेंबर

शाळा सुटल्यावर तनुजाचे वडील आले, मल्लिकार्जुन. आप्पासाहेबांच्या खडीच्या टिपरवर ड्रायव्हर.

"मॅडम, पोरीला पाचवीपासनं लातूरला टाकायचंय. क्लास लावायचाय. डॉक्टर करायचंय. माझी गाडी सुटली तर कशाच्या जिवावर? ह्यो नाद सोडा. गणितं घ्या."

काय चुकीचं बोलला? मी स्वतःच्या मुलीला तिथंच घातलंय.

जाता जाता म्हणाला, आई चाकूरच्या दवाखान्यात आहे. नागुबाई, तनुजाची आजी. अंगणात झोपून छातीत कफ भरला. "लई सांगितलं. आत यायला तयारच न्हाई. भिंत पडंल म्हणती."

मी विचारलं, "मल्लिकार्जुन, तो आवाज कशाचा, तुम्हाला माहीत आहे ना?"

 "माझं तोंड बांधलेलं हाय, मॅडम." गेला.

रोज तिथं जाणारा माणूस — आणि आईला सांगता येत नाही! राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही.

१७ डिसेंबर

टॅब कपाटातून काढला नाही. चार्जिंग नाही म्हटलं. तनुजाने कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भागाकार घेतला.

१९ डिसेंबर

आप्पासाहेब स्वतः आले. कुणीतरी कानावर घातलं असणार. बाहेर मोटारसायकल वाजली तेव्हाच ओळखली.

खुर्चीवर बसले नाहीत. पोरांत, सतरंजीवर बसले. "काय शोध लावलाय म्हणं तुम्ही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टॅब काढावा की नाही? काढला. तनुजाच्या हातात दिला.

तिने सगळं सांगितलं. उडी, एसटी, गिरणी, शेतातली उंच रेघ, क्रशरची गुरुवारची सुट्टी. न अडखळता. आणि शेवटी — या अल्ला! — म्हणाली, "पण आप्पासाहेब, अजून नक्की न्हाई. तुमी सुरुंग कवा लावणार ते आदी सांगा. त्याच टायमाला रेघ उठली तर खरं."

तिला भांडायचं नव्हतंच. तपासायचं होतं. ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी टॅब हातात घेऊन रेघ पाहिली. मी नोकरीचा, बदलीचा, मल्लिकार्जुनचा, सगळ्याचा विचार करून मोकळी झाले.

"उद्या बाजार. परवा, मधल्या सुट्टीत," ते म्हणाले. उठले. दारात थांबून मला म्हणाले, "गावाला बी बोलवा."

२१ डिसेंबर

अर्धं गाव मैदानात. तनुजा टॅब घेऊन फरशीवर. मधली सुट्टी झाली, आणि रेघ उसळली. मग आवाज.

कुणी पळालं नाही. पहिल्यांदाच.

आप्पासाहेब पारावर उभे राहिले. "डोंगरामागं सुरुंग लावून राहिलो होतो. आमचीच चूक. तुमी बाहेर झोपून राहिलात आन् मी बघत बसलो. आजपासनं बंद." लोक बोलले, कडू बोलले. ते ऐकून घेत उभे होते. मल्लिकार्जुन मागं होता, गमछ्यात तोंड घालून.

मल्लिकार्जुनची गाडी सुटणार नाही, असं आप्पासाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

२६ डिसेंबर

नागुबाई घरी आल्या. तनुजाने टॅब नेऊन त्यांना सरळ रेघ दाखवली. "बघ आजी, काईच न्हाई." म्हातारीने बाज आत घ्यायला लावली. रस्त्याने येताना पाहिलं, एकाही अंगणात बाज नाही.

अलीझाला सांगितलं तर क्लासचं पुस्तक मिटून ऐकत बसली. "अम्मी, मला घेऊन चल ना एकदा."

२ जानेवारी २०१९

भागाकार संपला!

८ जानेवारी

तास चालू असताना हादरा बसला. मोठा. फळ्यावरून डस्टर खाली आलं, रेघ पडद्याच्या वर गेली. आधी पोरं मैदानात काढली, हजेरी घेतली. सगळे आहेत. तिथंच बसून लिहितेय.

आता आप्पासाहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "मॅडम, सुरुंगाच्या खोलीला कुलूप हाय, चावी माझ्या खिशात हाय. ह्यो आपला न्हाई."